इओसिनोफिल वाढले आहेत आणि फुप्फुसावरचा डाग जागा बदलतो आहे: बुरशीची ॲलर्जी हे कारण असू शकते का?

कृष्णाकाठ:

प्रश्न माझ्या थोरल्या वहिनींच्या आजाराचा आहे. त्यांचे वय ४१ आहे, दमा बाराव्या-तेराव्या वर्षापासून आहे आणि पंप त्या सहसा चुकवत नाहीत. आमचे गाव शिरोळ तालुक्यात नदीकाठी आहे. घरात दोन म्हशी आहेत आणि गोठ्याचे, कडब्याचे, शेणखताचे बहुतेक काम वहिनींच्याच अंगावर असते.

२०२२ च्या पावसाळ्यानंतर त्यांना बारीक ताप, खोकला आणि धाप सुरू झाली. एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग दिसला. बेडका दोनदा तपासला, त्यात टीबीचे जंतू सापडले नाहीत, तरी डाग पाहून सहा महिन्यांची एकेटी (टीबीची औषधे) देण्यात आली आणि वहिनींनी ती एकही दिवस न चुकवता पूर्ण केली. पहिल्या महिन्याभरातच डाग गेला होता, त्यामुळे निदान बरोबर होते असेच आम्ही धरून चाललो.

गेल्या दिवाळीनंतर तोच त्रास पुन्हा सुरू झाला. या वेळी डाग डाव्या बाजूला आहे आणि उजवी बाजू स्वच्छ आहे. नव्या डॉक्टरांनी रक्त तपासले तेव्हा एकूण पांढऱ्या पेशी ९,३०० आणि त्यांत इओसिनोफिल नावाच्या पेशी २० टक्के, म्हणजे एईसी (रक्तातल्या इओसिनोफिलांची प्रत्यक्ष संख्या) १,८६० निघाला. एकूण आयजीई (ॲलर्जीत वाढणारी प्रतिपिंडे) ४,२०० आहे. 'ही बुरशीची ॲलर्जी असू शकते, छातीच्या तज्ज्ञांना दाखवा,' असे ते म्हणाले. तज्ज्ञांची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळाली आहे.

बुरशी हा शब्द ऐकल्यापासून घरातल्या कोणाच्याच जिवाला स्वस्थता नाही, कारण २०२१ मध्ये आमच्या नात्यातल्या एकांचा डोळा काळ्या बुरशीमुळे काढावा लागला होता आणि आई तेच धरून बसली आहे. मला जाणून घ्यायचे आहे ते असे, की नुसत्या ॲलर्जीने फुप्फुसात डाग पडू शकतो का, आणि इओसिनोफिल वाढण्यामागे दुसरे काही असू शकते का. आमच्या घरात २०१९ आणि २०२१ अशा दोन्ही महापुरांचे पाणी शिरले होते, मागच्या खोलीच्या भिंतीला अजून बुरा येतो. त्याचा याच्याशी संबंध लावता येईल का? शेवटचे म्हणजे, मेडिकलमधून पाच दिवसांच्या स्टेरॉइडच्या गोळ्या आणल्या की वहिनींना दरवेळी बरे वाटते. तज्ज्ञांकडे जाईपर्यंत त्या पुन्हा दिल्या तर चालतील का?

श्वासमार्ग:

मी छातीविकारांचा डॉक्टर आहे. रुग्ण न पाहता निदान करता येत नाही, तेव्हा माझे लिहिणे तुमच्या तज्ज्ञांशी बोलताना उपयोगी पडावे एवढ्यापुरतेच धरा. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्याची घाई आहे. धाप सहन होण्यापलीकडे गेली, बोलताना वाक्य पुरे होईना, ओठ निळसर दिसू लागले, तर वाट न पाहता रुग्णालयात न्या आणि तिथे स्टेरॉइड दिले गेले तर त्याची नोंद ठेवा. परंतु तशी वेळ आलेली नसेल तर मेडिकलमधून आणलेले स्टेरॉइड तपासण्या होईपर्यंत देऊ नका. प्रेडनिसोलोन पोटात गेले की रक्तातले इओसिनोफिल थोड्याच अवधीत खाली येतात, डागही विरू लागतो, आणि ज्या पुराव्यावर निदान करायचे तोच पुसला जातो.

आईंना सांगा की काळी बुरशी आणि ही बुरशी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. काळी बुरशी, म्हणजे म्युकरमायकोसिस, शरीराचा जिवंत भाग कुरतडत आत शिरते. तुमच्या डॉक्टरांच्या मनात जो आजार असावा त्याचे नाव ॲलर्जिक ब्राँकोपल्मनरी ॲस्परजिलोसिस, बोलताना आम्ही एबीपीए म्हणतो. १९५२ मध्ये इंग्लंडमधल्या हिन्सन, मून आणि प्लमर या डॉक्टरांनी त्याचे पहिले वर्णन केले. यात ॲस्परजिलस फ्युमिगॅटस नावाची बुरशी श्वासनलिकेतल्या चिकट कफात राहते, पण नलिकेची भिंत फोडून आत घुसत नाही. नुकसान होते ते मुख्यतः आपल्याच शरीराच्या अतिरेकी प्रतिकारामुळे.

या बुरशीचे बीजाणू २ ते ३ मायक्रॉन इतके बारीक असतात, त्यामुळे नाका-घशात न अडकता ते खोल जाऊ शकतात. आणि इतर बऱ्याच बुरशींना न मानवणारी ३७ अंशांची ऊब हिला चांगली मानवते. उकिरड्याच्या पोटात हात घातला तर चटका बसतो, तेवढ्या उष्णतेतही ती वाढते. निरोगी माणूस रोज हे बीजाणू हुंगतो आणि त्याला पत्ताही लागत नाही. दम्याच्या काही रुग्णांत मात्र ते कफात रुजतात, शरीर त्यांच्याविरुद्ध आयजीई प्रतिपिंडे तयार करू लागते, आणि इंटरल्युकिन-५ या रासायनिक निरोपामुळे अस्थिमज्जेतून इओसिनोफिलांची रीघ लागते. जंताच्या जाड कातडीवर चालावे असे दारूगोळ्याचे कण या पेशींत भरलेले असतात. तो दारूगोळा श्वासनलिकेत फुटला की कफ आणखी घट्ट होतो आणि नलिकांच्या भिंती सैल पडून त्या कायमच्या रुंदावतात.

तुमच्या हकिगतीत मला सर्वांत बोलकी वाटली ती डागाने जागा बदलण्याची गोष्ट. घट्ट कफाचे बूच श्वासनलिकेच्या एखाद्या फांदीत बसते, तिच्यापुढचा फुप्फुसाचा भाग मिटतो आणि एक्स-रेवर डाग उमटतो. बूच खोकल्याबरोबर निघाले की डाग जातो, काही महिन्यांनी दुसऱ्या फांदीत बूच बसते आणि डाग तिकडे दिसतो. २०२२ चा डाग एकेटीमुळे गेला की एकेटी चालू असताना आपणहून गेला, हे आता छातीठोकपणे कोणीच सांगू शकणार नाही. मात्र टीबीचा डाग महिन्याभरात सहसा इतका स्वच्छ होत नाही. ज्या डॉक्टरांनी एकेटी दिली त्यांना मी सरसकट दोषही देणार नाही, कारण आपल्या देशात दम्याच्या रुग्णाला ताप आणि वरच्या भागात डाग असेल तर टीबीची शंका येणे साहजिकच आहे. दोष काढायचाच तर एवढा काढता येईल, की बेडक्यात जंतू नव्हते आणि रुग्ण जुन्या दम्याचा होता, तेव्हा एक आयजीई करून पाहायला हवी होती. एबीपीएच्या रुग्णाने आधी एकेटीचा कोर्स केलेला असणे ही भारतातल्या छातीच्या ओपीडीत नवलाची गोष्ट राहिलेली नाही.

तपासण्यांचा क्रम साधारण असा असतो. एकूण आयजीई झालीच आहे. आता ॲस्परजिलस फ्युमिगॅटसविरुद्धची विशिष्ट आयजीई हवी. पूर्वी एकूण आयजीई १,००० च्या वर हवी असे धरत. चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेतल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने २०२४ मध्ये जे सुधारित आंतरराष्ट्रीय निकष आले, त्यांत ती ५०० किंवा अधिक आणि विशिष्ट आयजीई ०.३५ किंवा अधिक, या दोन्ही अटी अनिवार्य आहेत. शिवाय बुरशीविरुद्धची आयजीजी (प्रतिपिंडांचा दुसरा प्रकार) सकारात्मक असणे, इओसिनोफिल ५०० किंवा अधिक असणे आणि सीटी स्कॅनमध्ये अनुरूप खुणा असणे, या तिन्हींपैकी कोणत्याही दोन लागतात. सीटीमध्ये नलिका छातीच्या मध्याकडे रुंदावलेल्या दिसतात, आणि कधीकधी नलिकेतला कफ पाठीच्या स्नायूंपेक्षाही पांढरा, दाट दिसतो. ही दुसरी खूण दिसली की निदानाविषयी फारशी शंका उरत नाही.

आता संबंध पुराचा. ओल्या भिंतीवरचा बुरा खरवडून काढा, खोली उन्हा-वाऱ्याला मोकळी ठेवा, ते दम्यासाठी हिताचेच आहे. पण पुराने हा आजार आणला असे मी म्हणणार नाही. त्याच पुराचे पाणी शेकडो घरांत होते आणि तिथल्या बहुतेकांना हा त्रास झालेला नाही. शरीराची मुळातली प्रवृत्ती आणि जुना दमा यांचा वाटा यात मोठा असतो. बीजाणूंचे म्हणाल तर ते कडब्यात, शेणखतात, हवेत सगळीकडेच आहेत.

झाडीपट्टी:

मी चंद्रपूर जिल्ह्यात आरोग्यसेवक होतो, आता निवृत्त आहे. डॉक्टरसाहेबांच्या म्हणण्याला छेद देण्याचा हेतू नाही, परंतु इओसिनोफिल आणि आयजीई दोन्ही वाढलेले दिसले की एकदम बुरशीवर जाण्याआधी हत्तीरोगाच्या जंताचा विचार व्हावा असे मला वाटते. आमच्या भागात रात्री-अपरात्री ढासणारे, दम्याची औषधे घेऊन थकलेले आणि शेवटी तीन आठवड्यांच्या डीईसी या हत्तीरोगावरच्या गोळ्यांनी मोकळे झालेले रुग्ण मी पाहिले आहेत.

या आजाराची गंमत अशी, की त्याचाही जन्म टीबीच्याच गोंधळातून झाला. १९४० मध्ये फ्रिमोट-म्यॉलर आणि बार्टन यांनी भारतातल्या क्षयरोग्यांच्या आरोग्यधामातले असे रुग्ण नोंदवले, ज्यांची लक्षणे क्षयासारखी होती पण रक्तात इओसिनोफिलच इओसिनोफिल होते. 'क्षयाभासी' विकार अशाच अर्थाचे नाव त्यांनी त्याला दिले. १९४३ मध्ये वाइनगार्टन यांनी त्याला ट्रॉपिकल इओसिनोफिलिया म्हटले, आणि त्या काळी त्यावर सोमलयुक्त इंजेक्शने देत. मूळ कारण हत्तीरोगाचा जंत आहे हे पुढे उलगडले.

श्वासमार्ग:

झाडीपट्टी, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि तो मीच आधी मांडायला हवा होता. ट्रॉपिकल इओसिनोफिलियातही आयजीई १,००० च्या वर जाते, त्यामुळे केवळ त्या आकड्यावर दोन्हींत फरक करता येत नाही. मात्र तिथे इओसिनोफिल बहुधा ३,००० च्या पुढे असतात, खोकला रात्री जास्त असतो, फायलेरियाविरुद्धची, म्हणजे हत्तीरोगाच्या जंताविरुद्धची, प्रतिपिंडे खूप वाढलेली असतात, आणि नलिका रुंदावणे किंवा दाट कफाची बुचे हे त्याचे नेहमीचे चित्र नव्हे. रात्रीच्या रक्तात सूक्ष्मजंत दिसले नाहीत म्हणून हा आजार नाही असेही समजू नये. ते फुप्फुसातच अडवले जातात, म्हणून रक्तात सहसा सापडतच नाहीत. शासनाच्या हत्तीरोग मोहिमेत वर्षातून एकदा मिळणारी गोळी घेतली होती, एवढ्यावर हा आजार बादही करू नये आणि तिला या आजाराचा उपचारही समजू नये.

जंतांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट सांगतो, आणि ही कृष्णाकाठ यांनी तज्ज्ञांना आवर्जून विचारावी. वहिनी शेणामातीत काम करतात. स्ट्राँगिलॉइडिस नावाचा जंत अनवाणी पायांच्या कातडीतून शिरतो, वर्षानुवर्षे आतड्यात गुपचूप राहतो आणि इओसिनोफिलही वाढवतो. अशा माणसाला दीर्घकाळ स्टेरॉइड दिले तर तोच जंत बेसुमार वाढून शरीरभर पसरू शकतो आणि ते जिवावर बेतते. म्हणून मोठा कोर्स सुरू करण्याआधी शौचाची किंवा रक्ताची तपासणी करावी, अथवा तज्ज्ञांना योग्य वाटल्यास आयव्हरमेक्टिन देऊन घ्यावे.

बाकीची कारणे थोडक्यात लिहितो. एखादे नवे औषध सुरू झाले होते का ते आठवा, उदाहरणार्थ लघवीच्या संसर्गावर दीर्घकाळ दिले जाणारे नायट्रोफ्युरँटॉइन. हातापायांना बधिरपणा, अंगावर जांभळट पुरळ, जुनाट सायनस असे काही असेल तर रक्तवाहिन्यांच्या दाहाचा एक आजार लक्षात घेऊन अँका या प्रतिपिंडांची तपासणी करतात.

काचपट्टी:

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे, म्हणून माझ्या बाजूचे थोडे. लीशमन रंग दिलेल्या काचपट्टीवर इओसिनोफिल ओळखायला कष्ट पडत नाहीत. चष्म्याच्या दोन भिंगांसारखे जोडलेले दोन जांभळे खंड आणि सभोवती डाळिंबाच्या दाण्यांसारखे ठासून भरलेले नारिंगी-गुलाबी कण. सामान्य रक्तात शंभर पेशी मोजताना असे दोन-चार भेटतात. वीस टक्क्यांच्या पट्टीत दर पाचवी पेशी तीच दिसते, आणि मग यंत्राचा आकडा बरोबर आहे की नाही याविषयी शंका राहत नाही.

इओसिनोफिल सकाळी कमी आणि रात्री जास्त असतात. पुढच्या वेळी तुलना करायची असेल तर नमुना साधारण त्याच वेळेला द्या आणि आधीच्या काही आठवड्यांत स्टेरॉइड घेतले असेल तर कागदावर तसे लिहून द्या. आमच्याकडे येणाऱ्या किती तरी रुग्णांना ही गोष्ट कोणी विचारतच नाही.

दुसरे म्हणजे, चाळीस-साठ पदार्थांचे जे महागडे 'ॲलर्जी पॅनेल' असतात त्यांच्या नादी लागू नका. शेंगदाणा, वांगे, झुरळ यांचे आकडे हातात घेऊन माणूस वांगी खाणे सोडतो आणि हवी ती बुरशी त्या यादीत नसतेच किंवा इतर बुरशींच्या मिश्रणात दडलेली असते. चिठ्ठीवर 'ॲस्परजिलस फ्युमिगॅटस विशिष्ट आयजीई' असे स्वच्छ लिहून घ्या. बेडक्यात ही बुरशी उगवली तरी तेवढ्याने आजार ठरत नाही, आणि उगवली नाही म्हणून तो नाही असेही होत नाही. हवेतला एखादा बीजाणू नमुन्यात पडला तरी ती वाढते, हे आम्ही रोज पाहतो.

जुना दमेकरी:

मला हा आजार सात वर्षांपासून आहे. माझी पहिली आयजीई ९,८०० होती. उपचारांनंतर ती ४,१०० वर येऊन थांबली आणि पुढे हलेना, तेव्हा औषध लागू पडत नाही अशा समजुतीने मी स्वतःच स्टेरॉइड वाढवून घेतले. चेहरा सुजला, साखर वाढली आणि आयजीई होती तिथेच राहिली. नंतरच्या डॉक्टरांनी समजावले की या आजारात आयजीई बहुधा कधीच सर्वसाधारण पातळीवर येत नाही. ती जिथे स्थिरावते तो त्या रुग्णाचा नवा पाया. त्याच्या ५० टक्के वर चढली आणि जोडीला त्रासही वाढला तर आजार उलटला असे समजायचे. हे मला पहिल्याच दिवशी कोणी सांगितले असते तर माझे एक वर्ष वाचले असते.

दुसरी ठेच इट्राकोनाझोल या बुरशीवरच्या औषधाची. ती कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायची असते, कारण पोटात आम्ल असल्याशिवाय ती नीट शोषली जात नाही. आणि मी मात्र सकाळी ॲसिडिटीची गोळी आणि तिच्याबरोबरच ही, असे दोन महिने घेत होतो. शिवाय माझ्या पंपात ब्युडेसोनाइड होते. इट्राकोनाझोलमुळे ते शरीरात साचून राहते आणि पंपाचे स्टेरॉइडही गोळीसारखे अंगात भिनते, हे एका मोठ्या रुग्णालयात मला कोणी सांगितले नाही. चेहऱ्याची सूज उतरेना तेव्हा कुठे त्याचा उलगडा झाला. म्हणून वहिनींच्या सगळ्या गोळ्या, पंप, अगदी कोलेस्टेरॉलची गोळी असली तर तीसुद्धा, एका पिशवीत घालून तज्ज्ञांसमोर टेबलावर मांडा.

कृष्णाकाठ:

उत्तरे देणाऱ्या सर्वांचा आभारी आहे. नऊ आठवड्यांनी लिहितो आहे.

तज्ज्ञांकडे जाण्याच्या आदल्या पहाटे वहिनींना खोकल्याची मोठी उबळ आली आणि बेडक्यातून एक तपकिरी, रबरासारखा चिवट तुकडा पडला. लांबी करंगळीच्या पेराएवढी, आणि एका टोकाला दोन फाटे फुटलेले, आल्याच्या कोंबासारखे. एरवी तो आम्ही मोरीत टाकून दिला असता, पण इथले वाचलेले होते म्हणून स्वच्छ डबीत घालून नेला. डॉक्टरांनी तो उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, हा श्वासनलिकेच्या फांदीचा साचा आहे.

विशिष्ट आयजीई १८ आली, बुरशीविरुद्धची आयजीजी सकारात्मक आली आणि सीटीमध्ये दोन्ही बाजूंना मध्याकडच्या नलिका रुंदावलेल्या व डावीकडे दाट कफ दिसला. फायलेरियाची प्रतिपिंडे नाहीत, बेडक्याच्या सीबीनॅटमध्ये टीबी नाही, शौचात जंत सापडले नाहीत. तज्ज्ञांनी एकट्या प्रेडनिसोलोनवर उपचार सुरू केले. वजनाच्या हिशेबाने ठरवलेली मात्रा हळूहळू उतरवत साधारण चार महिन्यांत बंद करायची आहे. इट्राकोनाझोल त्यांनी हाताशी राखून ठेवले आहे. आठ आठवड्यांनंतर आयजीई ४,२०० वरून २,७०० वर आली आहे, एईसी २१० आहे आणि डाग गेला आहे. जुना दमेकरी यांचे लिहिणे वाचले नसते तर २,७०० हा आकडा पाहून आम्ही घाबरलोच असतो.

एक शंका राहिली आहे. वहिनींना बरे वाटू लागल्याबरोबर त्या पुन्हा गोठ्यात जाऊ लागल्या आहेत आणि त्यांना अडवणे कोणाला जमत नाही. म्हशी विकाव्यात असे भाऊ म्हणतो. ते खरोखर गरजेचे आहे का?

श्वासमार्ग:

विशिष्ट आयजीई, सीटी आणि आठ आठवड्यांत एक तृतीयांशाहून अधिक उतरलेली एकूण आयजीई, हे सगळे एकाच दिशेला बोट दाखवते. एईसी उतरला याला मात्र फार महत्त्व देऊ नका, स्टेरॉइड चालू असताना तो उतरणारच.

म्हशी विकायला मी सांगणार नाही. जनावरे जवळ असण्यापेक्षा धूळ उडवण्याची कामे जास्त बाधतात, आणि ती मोजकीच आहेत: भिजून काळवंडलेला कडबा झाडणे, कुट्टी करणे, उकिरडा उपसणे, कणगीच्या तळाचे जुने धान्य काढणे. एवढी कामे भावाने अंगावर घ्यावीत. धार काढणे, पाणी पाजणे वहिनींना करू द्या. कधी नाइलाजाने कुट्टीजवळ जावेच लागले तर पदर तोंडावर धरून भागत नाही, नाकावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क हवा. अनवाणी मात्र त्यांना गोठ्यात जाऊ देऊ नका; शौचाच्या एका तपासणीत स्ट्राँगिलॉइडिस हुकू शकतो, आणि अजून दोन महिने स्टेरॉइड चालणार आहे. पुढची आयजीई कधी करायची ते तुमचे तज्ज्ञ सांगतील. तोवरचे सगळे आकडे तारखांसह एका वहीत लिहून ठेवा आणि २०२२ चा एक्स-रे सापडला तर तोही त्याच पिशवीत असू द्या.